आवाजाच्या पेटीवाचून

शेलूबाजार, दि. ७ जुलै १९७४

ती. देवमनदादास,
गंगूचा सविनय जयभीम. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. पावसाळा सरून तुझ्या फिरत्या टॉकीजचा तंबू पुन्हा उभा राहीपर्यंत सिनेमाचे यंत्र आपल्या घरी आहे, म्हणून तू सांगितल्याप्रमाणे दर रविवारी चालवते. फिल्मला हवा लागली नाही तर बुरशी येईल, ही धास्ती मला असतेच. आवाजाची पेटी तू दुरुस्तीला अकोल्याला नेलीस, तेव्हा पडदा म्हणून बांधलेल्या बाबांच्या धोतरावर सगळे मुक्यानेच चालते.

तो जुना मारधाडीचा सिनेमा मला फारसा पटत नाही. नायिका नदी पोहून निघते आणि जोडे कोरडे. एकच खडक तीन डोंगरांवर दिसतो. बाबा म्हणतात, घोड्याला कोणी पाणी पाजत नाही. आईला मात्र तो आवडतो. पाठलाग करणारा दाढीवाला दिसला की ती त्याला मुडदा म्हणते, आणि नायिका झुलता पूल तोडते तेव्हा टाळी वाजवते. शेवटी तो तिला पकडून घोड्यावर नेतोच. ते रीळ लावू नको, असे आई दर वेळी म्हणते. पण वगळले तर त्यालाच बुरशी येईल, म्हणून मी लावते.

दुसरे असे, की धनजच्या शाळेवर मास्तरीण म्हणून माझा हुकूम आला आहे. महिनाअखेर हजर झाले नाही तर जागा जाईल. बाबा म्हणतात, देवमन म्हणेल तसे. तरी स्पष्ट लिहावे. लोभ आहे तसा जपून ठेवावा.

तुझी गंगू

अकोला, दि. १४ जुलै १९७४

चि. गंगूस अ. आ.

पेटी दुरुस्तीले देल्ली त्या रेडिओवाल्याचे मुनीमजी हे पत्र लिहून राह्यले. मी बोलतो तसंच उतरवा म्हटलं त्याइले.

बल्ब थंडा झाल्याबिगर यंत्र हलवू नको. धनजचं मले पटत नाही. तिथं आपलं कोणी नाही. रात्री दार वाजलं तं हाक कोणाले मारशील? एवढं साल थांब, जवळचं गाव भेटलं तं पाहू. राग धरू नको, मी तुहा भाऊ आहो.

आन आईले सांग, त्या दाढीवाल्याले शिव्या नको देऊ. थो डाकू नोहे, तिचा मोठा भाऊ होय. आवाज असता तं समजलं असतं. बहिणीचं बरंवाईट होऊ नये म्हून थो मांगं लागते, आन शेवटी तिले घरी आणते. लय चांगला शेवट हाय. तंबूत लोक शिट्ट्या मारतात.

माया करणारा, देवमन

शेलूबाजार, दि. २२ जुलै १९७४

ती. दादास,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझे पत्र काल यंत्र लावण्याआधी सर्वांना वाचून दाखवले. धनजचा मजकूर गाळावासा वाटला, पण पत्र अर्धे वाचणे बरे नाही. बाबांनी धोतर बांधले. दाढीवाला आला, आईने शिवी दिली नाही. पूल तुटला, टाळीही नाही. मला वाटले, तिचा डोळा लागला.

शेवटच्या रिळात मात्र ती उठून धोतरापाशी गेली आणि नायिकेच्या चेहऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, "भाऊ असन. पण हिच्या तोंडाकडं पाय. हे खुशीत हाय काय?"

बाबा म्हणाले, देवमन तर शेवट चांगला आहे म्हणतो.

"देवमनले आवाज आयकू येते," आई म्हणाली. "आपल्याले नाही, म्हून आपून तोंड पायतो."

मी तिला काही शिकवले नव्हते, हे मुद्दाम कळवते. आज सकाळी तिने माझी वळकटी बांधली. बाबा सोड म्हणतात, ती सोडत नाही. यंत्राला ओल लागू नये म्हणून टाकलेली माझी गोधडीही त्यात गेली. यंत्रावर दुसरी टाकली आहे.

तू हो म्हटल्यावाचून मी जाणार नाही. पण जावेसे वाटते, हे न लिहिणे खोटेपणा होईल. उत्तर काहीही आले तरी माया कमी करू नये.

तुझी गंगू

अकोला, दि. २५ जुलै १९७४

चि. गंगूस अ. आ.

तुही चिठ्ठी मुनीमजीकडून दोनदा वाचून घेतली. इतके साल शिनमा दाखवला, पण शेवटच्या रिळाले माही नजर बल्बावर, नाहीतं गुंडाळायच्या घाईत. तिचं तोंड म्या कधी पाह्यलंच नाही.

रविवारी येतो. सोमवारच्या जीपनं तुले धनजले नेऊन सोडतो. खोलीची कडी ढिली असन तं ठोकून देईन, मंग वापस येईन.

पेटी दुरुस्त झाली. पण या खेपेले आणत नाही. आईच्या बाजूले बसून एकदा तसाच पायतो. बाबाइले सांग, धोतर धुऊन ठेवा.

तुहा दादा, देवमन