काळे उंदीर आणि दादाची गोळी

रविवार. दादाची तेरवी.

जेवणं उरकली तसे काका सर्वांसमोर म्हणाले, "बाप दिवसभर लोळत होता, आता पोरगीबी झोपूनच राहिली. बंद करा तिची गोळी." दादाची मुलगी पिंकी, नऊ वर्षांची. दादासारखीच तिलाही मिरगी, आणि झोप आणणारी गोळीही तीच. 'आळशी' ऐकून ऐकून दादाने गोळी सोडली, आणि चोरखमाऱ्याच्या तलावात आंघोळ करताना झटका येऊन बुडाला. काका हे विसरले असतील. मी कशी विसरू?

कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी काळ्या आणि पांढऱ्या उंदरांना वजनाप्रमाणे सारखंच झोपेचं औषध देते. पांढरे तासाभरात उठतात, काळे दुपारभर पडून असतात. वंश वेगळा, एवढंच. माझ्या वहीत 'आळशी' असा रकाना नाही. मग हे दादाला का सांगितलं नाही मी? काळे उंदीर तर रोज बघत होते.

आज मात्र बोलले. "काका, गोळी बंद होणार नाही. डोस कमी करायचा का ते डॉक्टर सांगतील."

"लय शिकली का वं तू?"

"हो, शिकली."

पिंकी माझ्या मांडीवर झोपली होती. मी कुणालाच तिला उठवू दिलं नाही.