वरून येणारं गढूळ पाणी

काळूराम,

आपल्या पाड्यावरच्या झऱ्यातून निघालेला ओहोळ दोन डोंगरांचं पाणी गोळा करत माझ्या सासरी येतो आणि पुढं वज्रेश्वरीकडं नदीला मिळतो. तू वरच राहिलास, माझं लग्न खाली झालं. माहेरी आता कोणी उरलं न्हाय, म्हणून माझं वर येणंही न्हाय.

पण रोज सकाळी मी धुणं घेऊन बसले की पाणी गढूळ होतं. सासू ओरडते, "त्या वरच्या मेल्यानं म्हशी सोडल्या बघ पाण्यात!" मी धुणं बाजूला ठेवते आणि पाणी निवळायची वाट बघते.

मागल्या आठवड्यात पाणी रोज नितळ आलं. सासूनं खुशीत सगळ्या गोधड्या धुवून घेतल्या. मी मात्र सारखी वरच्या डोंगराकडं बघत होते. तुझ्या म्हशी दुसऱ्या कोणाच्या हाकेला डोहात उतरत न्हाईत, हे मला ठाऊक हाय. मग अंबाडीच्या बाजारात आपल्या पाड्यावरची राहीबाई भेटली. म्हणाली, काळूरामला साप चावला, ठाण्याला नेलाय.

आज सकाळी पाणी गढूळ आलं. सासूनं तुझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मला हसताना बघून म्हणाली, "येड लागलं का? पोरीचा शाळेचा ड्रेस मातीत गेला!"

तो ड्रेस मी आनंदानं पुन्हा धुतला.

माझा नवरा किशन चांगला माणूस हाय, मी सुखात हाय. हे तुला कळवावंसं वाटलं. पण ओहोळ खालचं काही वर नेत न्हाय, तसं हे पत्रही मी धाडणार न्हाय.

तू मात्र म्हशी सोडत जा.

खालच्या घाटावरची,
ठकी