बॉल कुणाचा?

५ ऑगस्ट १९७४

मनगटापासून कोपरापर्यंत हात लालभडक! भाकरी मोडवेना. याला म्हणे व्हॉलीबॉल. मी हिंगोलीच्या या अध्यापक विद्यालयात मास्तरीण व्हायला आले की हमाल, कोण जाणे. डिसेंबरात परभणीला सामने आहेत आणि मुलींची टीम गेलीच पाहिजे, असा वरून हुकूम. खेळाच्या नरवाडे बाईंना लेझीम सोडून काही येत नाही. म्हणून त्यांनी दुसऱ्या वर्षाच्या मुलांतला सोनाजी खिल्लारे शिकवायला आणला. उंच, सावळा, बोलायला कंजूष. गळ्यात शिट्टी. "हात जोडा. कोपर ताठ. बॉल धरायचा न्हाई, फक्त वाट दाखवायची."

आम्ही त्याचं नाव ठेवलं — पंच.

९ ऑगस्ट

काकणं काढून खेळा, असं पंच दोनदा म्हणाला. शालूने काढली नाहीत. आज एका फटक्यात सगळी फुटली. आता खाटेवर बसून रडते आहे. शालू म्हणजे वसतिगृहातली माझी शेजारची खाट. वारंगा फाट्याकडची. आवाज इतका बारीक की हजेरीत "हजर" म्हणते तेही बाईंना ऐकू जात नाही. मैदानावरही नेमकी माझ्याच शेजारी!

१४ ऑगस्ट

आज नवा नियम. पुस्तकातला नव्हे, पंचाचा. बॉल दोघींच्या मधे आला की जिला घ्यायचा तिने ओरडायचं — "माझा!" एकदा ती ओरडली की दुसरीने दोन पावलं मागे सरायचं. वाद नाही.

ऐकायला सोपं! पण मैदानाला लागून भिंत आणि भिंतीवर आमच्या विद्यालयाची रिकामटेकडी मुलं. मी पहिल्यांदा ओरडले, "माझा!" भिंतीवरून लगेच तातेराव, "कोण गं तुझा?" सगळे फिदीफिदी. मग एकीच्याही तोंडून शब्द निघेना. नरवाडे बाई म्हणाल्या, "त्यापरीस 'माझी' म्हणा." बॉल कधीपासून बाई झाला? "माझी" म्हटल्यावर तर हसून हसून खेळच थांबला. पंचसुद्धा हसला. दात छान आहेत.

२२ ऑगस्ट

शालूला विद्यालयामागच्या ज्वारीत नेऊन ओरडायला शिकवते आहे. तिथे ऐकायला फक्त पाखरं. "पोटातून काढ. गळ्यातून नको. तुझी भाकरी कुणी ओढून नेतंय असं समज!" तिने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. म्हणाली, "पद्मे, मला न्हाई जमत गं. आमच्या घरी कुनी असं म्हनतच न्हाई."

३ सप्टेंबर

आज वाईट झालं.

सर्व्हिसची पाळी माझी. भिंतीवरून तातेराव, "सांग की, कोण तुझा? पंच का?" माझं डोकं फिरलं. वळून ओरडले, "माझा कुणी न्हाई! असला पंच फुकट दिला तरी नको!"

पोरींनी टाळ्या पिटल्या. भिंत गप्प झाली. आणि पंच तिथेच स्टुलावर उभा. त्याने शिट्टी वाजवली, "सर्व्हिस करा," एवढंच म्हणाला. माझ्याकडे बघितलं नाही. मला तातेरावाची जिरवायची होती. याचं नाव मधे काहून घेतलं मी? जीभ माझी नेहमी माझ्या पुढे धावते. फार वाईट वाटतंय.

३० सप्टेंबर

इथे कुणी वाचत नाही म्हणून लिहिते. तो मैदानावर नसला की माझी सर्व्हिस नेटमध्ये जाते. लिहिलं. खोडणार नाही.

१६ डिसेंबर

हरलो. मी हरवलं.

तिसरा गेम. त्यांना एकच गुण हवा होता, आम्ही एकानेच मागे. त्यांची सर्व्हिस आली ती माझ्या आणि शालूच्या बरोबर मधे. उंच, सावकाश. कुणीही घेतली असती. शालू माझ्याकडे बघत राहिली, मी ओरडायची वाट बघत. आणि मी? समोर रेघेपाशी आमचा पंच उभा होता. हिंगोलीत शंभरदा ओरडले असेन, पण त्याच्या डोळ्यांत बघून तो शब्द तोंडातून येईना! दोघी हात जोडून उभ्या आणि बॉल आमच्या मधे. टप्प.

एस.टी.ने परत निघालो. पंचाने सगळ्यांना शेंगा वाटल्या. माझ्यापाशी थांबून म्हणाला, "खेळ न्हाई चुकला तुमचा. ओरडायला पायजे होतं फक्त."

९ फेब्रुवारी १९७५

सामने संपले तरी संध्याकाळी खेळतो. आज नेट गुंडाळायला मी आणि पंच, दोघंच. तो एका टोकाला, मी दुसऱ्या. गुंडाळत गुंडाळत जवळ आलो तसा तो म्हणाला, "परीक्षा झाली की बाबा तुमच्याकडं सेनगावला यायचं म्हनून राहिले. तुमच्या आबांना भेटायला. तुमचं काय म्हननं?"

आणि तोंडातून काय निघालं? "मला काय विचारता? निकाल पंचानं द्यायचा असतो!"

तो हसला नाही. म्हणाला, "पंच नुसती शिट्टी वाजवतो. बॉल कुनाचा ते खेळनाऱ्यानंच सांगायचं."

मी नेटचं टोक त्याच्या हातात दिलं आणि पळाले. होय म्हणायला किती वेळ लागतो? एवढी चुरूचुरू बोलणारी मी! उद्या सांगेन.

१० फेब्रुवारी

नाही सांगितलं.

२ मार्च

शालूने केस विंचरता विंचरता विचारलं, "पद्मे, खरं सांग. पंच तुझा का गं?"

पुन्हा तीच चेष्टा! आता खोलीतसुद्धा भिंतीवरची पोरं! म्हटलं, "माझा कुठला? घे, तुलाच घे!" आणि उशी फेकून मारली. तिने ती दोन्ही हातांनी बराबर झेलली आणि पोटाशी धरून बसली. मी म्हटलं, "होल्डिंग! धरायचा न्हाई बॉल!" ती हसली नाही.

१९ एप्रिल

परीक्षा संपली. हिंगोलीच्या स्टँडवर सगळ्यांची पांगापांग. मी ठरवून गेले होते की आज बोलायचंच. रस्ताभर मनात घोकलं. तो माझ्या गाडीपाशी आला. पेटी वर चढवून दिली. म्हणाला, "येतो."

मी म्हटलं, "या."

काय "या"? कुठे "या"? घरी या, की नुसतं निरोपाचं या? त्याला काय कळलं असेल? गाडी निघाली तरी तो तिथेच उभा. मी खिडकीतून हातसुद्धा हलवला नाही. कंडक्टर बघत होता म्हणून! कंडक्टर माझा कोण लागतो?

४ मे

कुणी आलं नाही. दारात सायकल वाजली की मी बाहेर. आई म्हणाली, "कुनाची वाट बघून राहिली गं?" म्हटलं, कुणाची न्हाई. आईलाही तेच उत्तर!

मी म्हणते, आबांना सांगावं. आपणच त्याच्या गावी जाऊन या, म्हणावं. मुलीकडून गेलं तर काय बिघडतं? त्याने एकदा विचारलं, आता पाळी माझी. रविवारी आबांना सांगते. यावेळी नक्की.

११ मे

रविवार. आबा दिवसभर खळ्यावर. आल्यावर दमलेले. नाही सांगितलं.

१४ मे

मी विहिरीवर असताना शालूचा भाऊ येऊन गेला. रविवारी तिचं लग्न! गाडीने वारंगा फाट्यावर उतरा, तिथून बैलगाडी पाठवतो, म्हणाला. आईला नवरदेवाचं नाव ध्यानात राहिलं नाही. "मास्तर हाय म्हने. पोरगं उंच हाय म्हने."

उंच मास्तर पुष्कळ असतात.

१९ मे

नवरदेव पंच होता.

बुद्धवंदना झाली, हार घालून झाले. बायका शालूच्या मागे लागल्या — नाव घे, नाव घे. ती मान खाली घालून गप्प. मला वाटलं, हिच्या तोंडून कसलं नाव निघतंय! तेवढ्यात तिने मान वर केली आणि पोटातून, मांडवाच्या पार टोकाला जाईल अशा आवाजात ओरडली,

"माझा!"

सगळा मांडव हसला. टीमच्या पोरींनी टाळ्या पिटल्या. किती स्वच्छ, खणखणीत आवाज! मी शिकवला होता तसाच.

मी दोन पावलं मागे सरले होते. कधी सरले, मलाच कळलं नाही.