वस्तीची गाडी

तीर्थरूप बाबा,

शनिवारी आपली कॅम्परगाडी बघायला एक जोडपं येणार आहे. ती रिकामी करायची म्हणून आज मी सुट्टी घेतली, आणि ड्रायव्हरच्या सीटखाली हात घातला तर तुमचा दगड निघाला. तो हातात घेऊन अर्धा तास नुसती बसून राहिले. मग वर आले आणि हे लिहायला घेतलं. सासरा गेल्यावर सात महिन्यांनी सून त्याला पत्र लिहिते, हे ऐकून तुम्ही म्हणाला असतात, "फोन कर की, माय." कुठे करू?

गाडी विकायची, असं नितीन म्हणाला. तुम्ही गेल्यापासून तुमचा मुलगा तिच्यात एकदाही बसलेला नाही. मीही लगेच हो म्हणून टाकलं. माझं कारण वेगळं होतं आणि ते मी त्याला सांगितलं नाही.

तुम्ही पहिल्यांदा स्टुटगार्टला आलात, तेव्हा या गाडीचं दार उघडून आतला पलंग, शेगडी, पाण्याची टाकी सगळं निरखून पाहिलंत आणि म्हणालात, "म्हणजे तुम्ही हौसेनं वस्तीची गाडी घेतली म्हणा की." चौतीस वर्षं परभणी डेपोत एसटी चालवलेली, त्यातली निम्मी वस्तीच्या गाडीवर. संध्याकाळची शेवटची फेरी घेऊन टोकाच्या गावाला जायचं, रात्री गाडीतच झोपायचं आणि पहाटे तीच गाडी घेऊन परतायचं. गावातून कुणीतरी फडक्यात बांधून भाकरी आणायचं. कधी पिठलं, कधी नुसताच ठेचा. "पण उपाशी कुणी झोपू दिलं नाही," हे तुम्ही नातीला, रेवाला, किती वेळा सांगितलं असेल?

आपली गल्ली चढावरची. गाडी लावली की ती घरंगळू नये म्हणून तुम्ही उतरून मागच्या चाकाला दगडाची उटी लावायचात. मी हँडब्रेकच्या डिझाइनमध्ये बारा वर्षं काढलेली बाई, मला तो माझा अपमान वाटायचा. "बाबा, असले ब्रेक मी स्वतः बनवते," मी एकदा म्हटलंच. तुम्ही दगड सरळ करत म्हणालात, "ब्रेक तुझा चांगलाच असंल, माय. पण दगडाला बिघाड नसतो." खालच्या मजल्यावरच्या शेजारीण फ्राऊ केलर रस्ता झाडायची पाळी आली की तो दगड उचलून आपल्या दारात आणून ठेवायच्या, आणि तुम्ही तो परत चाकामागे. भाषा येत नव्हती म्हणून तुमचं दोघांचं भांडण कधी झालं नाही, एवढंच.

मागच्या मार्चमध्ये तुम्ही दुसऱ्यांदा आलात, कारण ईस्टरच्या सुट्टीत आपण मोरोक्कोला जाणार होतो. त्याआधी सराव म्हणून ब्लॅक फॉरेस्टमध्ये एक रात्र काढली. तुम्ही पार्किंगमध्ये खुर्ची बाहेर मांडलीत आणि आठ वर्षांची रेवा ओरडली, "आबा, दास दार्फ मान निष्त!" असं करायची परवानगी नाही. मी समजावलं, की इथे दमलेल्या ड्रायव्हरने गाडीत झोपलेलं चालतं, पण खुर्ची बाहेर काढली की ते कॅम्पिंग होतं आणि दंड बसतो. तुम्ही खुर्ची घडी करत म्हणालात, "म्हणजे झोपलं तर चालतं, बसलं की गुन्हा?" नितीन हसून हसून लोळला होता. तो तसा हसलेला मी नंतर पाहिलेला नाही.

मग तो रस्ता. मोरोक्कोच्या दक्षिण भागात, दोन्ही बाजूंना नुसती खडी आणि माती, झाड नाही, घर नाही. दुपार कलल्यावर तुम्ही म्हणालात, "इथं थांबव." मी गाडी रस्त्याच्या खाली घेतली. तुम्ही एक चपटा काळा दगड शोधून चाकामागे लावलात, चारही खुर्च्या बाहेर मांडल्यात आणि रेवाकडे बघून परवानगी विचारलीत, "दार्फ का गं?" ती चक्क मराठीत म्हणाली, "हो आबा."

शेळ्या घेऊन एक म्हातारा आला. तुमच्याच वयाचा असेल. तुम्ही त्याला खुर्ची दिलीत, चहा दिलात. तो त्याच्या भाषेत बोलत होता, तुम्ही परभणीच्या मराठीत, आणि दोघांनाही काही अडत नव्हतं. जाताना त्याने लांबच्या तंबूंकडे बोट केलं आणि दोन्ही तळव्यांनी थापल्यासारखं केलं. भाकरी आणतो. तुमचा चेहरा तेव्हा काय खुलला होता, बाबा! "बघ माय, वस्तीला जेवण येतंच," तुम्ही म्हणालात.

आणि मी फोन बघितला. रेंज नव्हती. मघाशी खुर्च्या काढताना तुम्हाला धाप लागली होती, ती मला आठवली. तुमच्या बीपीच्या गोळ्या, जवळचं हॉस्पिटल तीन तासांवर, सगळं एकदम डोक्यात आलं. मी म्हटलं, आवरा, आपण मागच्या गावातल्या कॅम्पिंगला जाऊ.

"एक वस्ती करू की इथं. तो माणूस भाकरी आणायला गेलाय."

"बाबा, इथे तुम्हाला काही झालं तर मी कुठे धावू?"

खुर्च्या घडी केल्यात, चाकामागचा दगड उचललात. उटीचा दगड रस्त्यात सोडायचा नाही, मागून येणाऱ्याच्या चाकाखाली येतो, हा तुमचा नियम. पण तो तुम्ही बाजूला का टाकला नाहीत? गाडीत का ठेवलात?

आता जे तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या नितीनलाही माहीत नाही ते सांगते. गाडी रस्त्याला लागल्यावर मला आरशात तो म्हातारा दिसला. हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. तो धावला नाही, हात केला नाही, नुसता उभा राहिला. मला थांबता आलं असतं. पाच मिनिटं लागली असती. मी थांबले नाही, कारण थांबले असते तर तुम्ही परत उतरला असतात.

तुम्ही मागच्या सीटवर होतात, मान वळवून बसलेले. तुम्हाला दिसला होता का तो?

रात्री उंच भिंतींच्या आत, जनरेटरच्या आवाजात झोपलो. सकाळी तुम्ही म्हणालात, "नळाला पाणी बरं होतं हो." याचा मला अजून राग येतो. डेपोत साहेबांशी तोंडावर भांडणारे तुम्ही, माझ्यावर एकदाही आवाज का चढवला नाहीत? सुनेचा मान ठेवलात, की ही परत बोलावणार नाही असं वाटलं? भांडायचं होतंत, बाबा. तुम्ही भांडला असतात तर मी ऐकलं असतं, असं मी स्वतःला सांगत असते. खरं तर ऐकलं नसतं.

ऑगस्टमध्ये तुम्ही परभणीला, स्वतःच्या घरात, दुपारच्या चहाला उठलात आणि खाली बसलात. वन्सं शेजारीच होत्या. रिक्षा लगेच आली. हॉस्पिटल दहा मिनिटांवर होतं. दहा मिनिटांवर, बाबा. काही उपयोग झाला नाही. ज्या भीतीपायी मी तुमची ती एक रात्र काढून घेतली, तिने तुम्हाला भरल्या घरात, डांबरी रस्त्यालगत, दवाखान्याशेजारी गाठलं.

ईस्टरची सुट्टी तीन आठवड्यांवर आहे. शनिवारच्या जोडप्याला मी आत्ताच नाही म्हणून कळवलं. नितीन घरी आला की आधी त्याला आरशातल्या माणसाचं सांगेन, मग गाडीचं. तो चिडेल, आणि त्याने चिडावं. पण तो सोबत नाही आला तरी मी मोरोक्कोला जाणार आहे.

तुम्हाला शब्द देते. त्याच जागी, ऊन असतानाच थांबेन. तुमचा दगड चाकामागे मी माझ्या हाताने लावेन. खुर्च्या पूर्वीइतक्याच मांडेन. तो म्हातारा आला तर त्याची भाकरी तुमच्या वतीने खाईन. आणि कुणीच आलं नाही, तरी उजाडेपर्यंत गाडी हलणार नाही.

तुमची वस्ती मोडणारी सून,
मुग्धा