घोरूच्या बाकावरचा प्रयोग

४ ऑगस्ट
नववीला आज गृहीतक आणि फेअर टेस्ट शिकवली. एका ग्लासात गार पाणी, दुसऱ्यात गरम, साखर सारखीच. एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. फर्स्ट क्लास तास! शेवटच्या बाकावरच्या घोरूसकट अर्धा वर्ग झोपला, ही गोष्ट वेगळी.
नेमके तेव्हाच हेडमास्तर डोकावले. म्हणाले, हेच चाललं तर नववी जीवशास्त्राच्या बाईंकडे देतो. माझी नववी!

५ ऑगस्ट
माझं गृहीतक: मुलांना झोप येते ती लॅबमधल्या अमोनियाच्या वासाने. मॉनिटर मुलगी म्हणाली, सर, अमोनियाने उलट बेशुद्ध माणूस जागा होतो. आगाऊ कार्टी. गृहीतक किंचित दुरुस्त केलं: दुपारचं जेवण.

८ ऑगस्ट
म्हणून तास सकाळी घेतला. शिवाय खिडक्या उघडल्या, पंखा फुल्ल केला, दोन विनोदही टाकले. मॉनिटर म्हणाली, सर, एकदम चार गोष्टी बदलल्या, आता काय कळणार? म्हटलं, निकाल तर बघ.
घोरू दुसऱ्या विनोदाला झोपला.

११ ऑगस्ट
आता पक्कं गृहीतक: ही मुलंच मुळात झोपाळू! माझी काही चूक नाही. चाचणी मॉनिटरने आखली. माझ्या तासाचं मोबाइलवर रेकॉर्डिंग, वेळ दुपारचीच, बाक घोरूचाच. बदलणार फक्त ऐकणारा. तो कोण? मीच! स्वतःचा तास ऐकताना कोणी झोपतं का? हेडमास्तरांनाही आमंत्रण दिलंय. नववी कुठे जात नाही.

१२ ऑगस्ट
घंटा ऐकू आली नाही. घोरूने हलवून उठवलं. वर्ग रिकामा. माझी झोप मोडू नये म्हणून मुलं बूट हातात घेऊन बाहेर गेली म्हणे. हेडमास्तरसुद्धा.
फळ्यावर मॉनिटरचा निष्कर्ष: ऐकणारा बदलला, निकाल तोच. कारण ऐकणाऱ्यात नाही.
सोमवारपासून नववी बाईंकडे. फार वाईट वाटलं.
मॉनिटरचा अर्धा मार्क कापणार होतो. त्या बाकावर वारा छान येतो, हे तिने कुठे लिहिलंय? पण बाक तर पहिल्यापासून तोच होता. एकच गोष्ट बदलायची, हे मीच शिकवलेलं.
दहापैकी दहा दिले. म्हणजे फेअर टेस्ट शिकवली त्या दिवशी माझ्या तासाला कोणीतरी जागं होतं.