उद्या लुगडं वाळत घालायचं नाही

पाच वाजता! पाच वाजता म्हणे नारळ सोडणार. छापून आणलंय, गुलाबी कागदावर, आणि खाली पाहुण्याचं नाव नारळाएवढ्या अक्षरात. पाहुणा कोण, तर ज्याने पलीकडची तिवरं कापून भराव टाकला तो. पुनवेच्या दिवशी पाचला आपल्या खाडीत काय असतं? चिखल असतो. शेवटच्या पायरीखाली कुत्री फिरतात. त्या चिखलात ही माणसं सोनेरी कागदाचा नारळ ठेवणार, वर बँजो वाजवणार.

प्रिय आक्का,

आधी भांडण आणि मग नमस्कार, आपलं तसंच होतं. तर आता नमस्कार घे. शिमग्याला गेलीस, आता नारळी पुनव आली. एवढ्यात लिहिलं नाही, कारण सांगण्यासारखं काही घडलं नव्हतं. बांगडा महागला आणि तुझी खाट आपल्या सुनंदाच्या पोरीने, पिंकीने, बळकावली, एवढंच. दुसरीपर्यंत शिकलेली बाई मेलेल्या नणंदेला पत्र लिहिते म्हटल्यावर लोक म्हणतील, यमुना कामातून गेली. म्हणू देत. जिवंत माणसांशी बोलून काल माझा घसा बसला, म्हणून तुला लिहितेय.

आपल्या वाडीत नारळ घड्याळावर जात नाही, पाण्यावर जातो, हे तुला काय सांगायचं! भरती पुरी भरायची, थांबायची, मग परत फिरायची. त्या फिरत्या पाण्यावर नारळ सोडला की तो नीट दर्याकडे जातो. आधी सोडला तर चढत्या पाण्याबरोबर परत दारात. आणि पाणी फिरलं हे सांगायचं कुणी, तर तुझ्या भावाने, माझ्या नवऱ्याने. सगळी वाडी धक्क्यावर उभी, वाजवणारे हात वर धरून थांबलेले, आणि हा फेटा बांधून खाडीकडे असा बघायचा की दर्याने याच्याच कानात सांगितलंय. मग हात वर. "फिरलं!"

लग्न होऊन आले तेव्हापासून बघत होते. वाटायचं, नवरा मोठा जाणता मिळाला. हात वर करायच्या आधी तो मान वळवून आपल्या परसाकडे बघायचा. मला वाटायचं मला बघतोय. मी पदर सारखा करायची. कसली गाढव होते मी!

परसात, भिंतीआड, तू असायचीस. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तुझा नवरा दर्यात गेला, आणि तेव्हापासून पुनवेच्या दिवशी तुला पाट देऊन तिथे बसवायचे. विधवा बाईची सावली नारळावर पडायला नको म्हणून. तू बसायचीस. बसल्या बसल्या तिवरांच्या मुळांकडे बघायचीस. भरती चढली की निवट्या, त्या चिखलात उड्या मारणाऱ्या मेल्या मासोळ्या, मुळांवर चढून बसतात. पाणी उतरणार असेल तर होड्यांची तोंडं फिरायच्या आधी त्यांना कळतं. एकेक खाली सरकायला लागते. मग तू उठायचीस आणि बादलीतलं निळं लुगडं पिळून दोरीवर टाकायचीस. तुझ्या भावाला ते धक्क्यावरून दिसायचं. हात वर. फिरलं. आणि सगळी वाडी त्याच्या पाया पडायची.

ते एक वर्ष आठवतं? वाडीत पहिला रंगीत टीव्ही आला, ते वर्ष. आदल्या दिवशी तू त्याला म्हणालीस, एकदा मला पायरीवर येऊ दे, सगळ्यांच्या मागे उभी राहते. तो म्हणाला, लोक काय म्हणतील. तू पुढे बोलली नाहीस. हाच तुझा वाईट गुण, बोलायचीच नाहीस.

दुसऱ्या दिवशी हा धक्क्यावर उभा. परसाकडे बघतोय, खाडीकडे बघतोय, परत परसाकडे. दोरी मोकळी. कपाळावरून घाम. मी आपली पदर सारखा करतेय. वाजवणाऱ्यांचे हात दुखायला लागले, म्हातारा पाटील खाकरायला लागला, तेव्हा याने एकदाचा हात वर केला. नारळ सोडला. गेला, जरा गेला, थबकला, आणि वळून परत आला. पायरीवर येऊन टक्कन आपटला. कुणीतरी वल्ह्याने लोटला. परत आला. पोरं हसायला लागली, नारळाला वाडी आवडली म्हणून. पाटील डोक्याला हात लावून खाली बसला. आणि तुझ्या भावाचं तोंड, अगं, उन्हात ठेवलेल्या बोंबलासारखं.

मी परसात धावत आले. तू पाटावर बसलेली, मांडीवर लुगडं, घडी केलेलं, कोरडं. मी सांगितलं, नारळ परत आला. तू म्हणालीस, "बघितलं. आज लुगडं भिजलं नव्हतं."

मला वाक्य कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा मी त्या भिंतीला टेकून इतकी हसले की सासूबाई काठी घेऊन आल्या. पण तू हसली नाहीस. तेही लक्षात आहे माझ्या.

आणि पुढच्या वर्षी परत बादली, परत लुगडं, परत दोरी. का गं? मी विचारलं तेव्हा म्हणालीस, नारळ परत आला की होडीवर जाणारी पोरं मनातून घाबरतात. पोरांची मनं सांभाळलीस. भावाचा फेटा सांभाळलास. तुझं काय सांभाळलं कुणी? उठून धक्क्यापर्यंत का आली नाहीस? अंतर केवढं, अंगणातून कोंबडी हाकलावी एवढं. तुला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. मी तुझा हात धरून नेलं असतं. असतं का? आता म्हणायला काय जातं माझं! तेव्हा सासूबाई होत्या, पदरात लहान पोरं होती. पण तू उठली असतीस तर मी आडवी आले नसते, एवढं खरं.

आता सुनंदाचं ऐक. आपला जावई वागळे इस्टेटीत मशीनवर होता, काविळीने गेला, आणि सुनंदा पोरीला घेऊन डोंबिवलीहून परत आली, तोवर तू हिंडतीफिरती होतीस. तिकडे चाळीत हळदीकुंकवाला बायका तिच्या दारावरून पुढे जायच्या. इकडे आल्यावर तिला रडायला लावणाऱ्या बायका पुष्कळ होत्या. तू तिला चिखलात नेलंस. ओहोटीला शिंपल्या वेचायला, चिंबोऱ्यांच्या बिळात हात घालायला. मी म्हटलं, पोरीला जरा बसू दे. तू म्हणालीस, बसवणारे खूप आहेत. निवट्या कशा बघायच्या ते तिला तूच दाखवलंस. मला नाही दाखवलंस. मी बाजारात बसणारी, मला माशांचा भाव कळतो, पाण्याचा नाही. बरोबर केलंस.

काल तो विलास आला, कमिटीचा सेक्रेटरी. तोच, ज्याचं नाक तू लहानपणी तुझ्या पदराने पुसायचीस. गुलाबी कागद दिला, चहा घेतला, मग दुसरा घेतला, तेव्हाच मी ओळखलं की याच्या पोटात काहीतरी आहे. म्हणाला, "काकी, तेवढं सुनंदाताईंना त्या वेळेला आत बसायला सांगा. म्हणजे आमचं काही नाही. आपलं चालत आलंय म्हणून."

सुनंदा तिथेच जवळा निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत. तुझा भाऊ स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत बसला, जसा तो आजच उगवलाय. मी विलासला म्हटलं, चालत आलंय ते कुणाच्या पायांनी चालत आलंय रे? तुझ्या का? तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा करतेय. आणि मग पिंकी परसातून आली आणि तिने विचारलं, "आजी, त्या पाटावर आता आई बसणार का?"

आक्का, मी मासळी बाजारात आयुष्य काढलं. माझ्या तोंडाला तोड नाही असं पोलीससुद्धा म्हणतात. पण त्या पोरीला उत्तर द्यायला माझे हातच पुढे झाले. उठले, परसात गेले, तुझा पाट उचलला आणि बंबात घातला. चांगला शिसवी होता. जळायला वेळ लागला. तुला वाईट वाटलं असेल तर वाटू दे.

विलास चहा टाकून गेला.

मग मी तुझ्या भावाला धरलं. म्हटलं, पाचला खाडीत पाणी असेल? तो म्हणाला, नसेल. मग कमिटीत मान का हलवलीस? अरे, एवढी वर्षं वाडी तुझ्या हाताकडे बघते, एक शब्द टाकला असतास तर पाहुण्याला जेवणाच्या वेळेला बोलावलं असतं. मी आणखी बोलणार होते, पुष्कळ होतं माझ्याकडे. तेवढ्यात तो म्हणाला, "लुगडं कोण वाळत घालणार आता?"

इतक्या हळू म्हणाला की मला आधी वाटलं खोकला आला. आम्हा दोघांच्या जन्मात ही गोष्ट त्याच्या तोंडून कधी निघाली नव्हती. मला माहीत आहे हे त्याला माहीत होतं, पण बोलायचं नाही असं ठरल्यासारखं होतं. म्हातारा तुझ्यावाचून घाबरलाय, आक्का. पाचच्या चिखलात उभं राहणं त्याला परवडतं, कारण तिथे फिरलं म्हणायला पाणीच नसतं. नारळ परत यायची भीती नाही.

मला त्याची दया आली. जराशीच. मग मी म्हटलं, लुगडं वाळत घालायचं नाही. सुनंदा नेसणार आहे.

आता उद्याचं पाणी सांगते. तू कान लावून बसली असशील. हे माझं नाही, सुनंदाचं सांगणं आहे. ती आज ओहोटीला उतरून बघून आली. सकाळी मळभ राहील. डोंगराकडून पावसाचं पाणी आलंय, म्हणून खाडी गढूळ. उधाण मोठं, वरची पायरी बुडेल. कॅलेंडरात भरतीची वेळ छापलीय ती मुंबईच्या दर्याची. आपल्याकडे पाणी पोचेस्तोवर माणूस जेवून उठतो, हे विलासला कुणी सांगावं! दुपारी खारा वारा सुटेल आणि लाट धक्क्याला आडवी लागेल, तेव्हा नारळ पायरीशी ठेवून चालणार नाही, हातभर पुढे टाकावा लागेल. एक सर येईल. सर येऊन गेली की निवट्या खाली सरकतील. रेडिओवाला म्हणतो, दर्या खवळलेला राहील. राहू दे. त्यालाही कुणी पाचची वेळ कळवली असेल.

आम्ही आमचा घरचा नारळ घेऊन भरदुपारी जाणार. नारळ सुनंदाच्या हातात. पाणी ती बघणार आणि फिरलं तीच म्हणणार. परसातून नाही, पायरीवरून, पाणी पायाला लागेल तिथे उभी राहून. कमिटीने पाचला आपला नारळ चिखलात लावावा, झाड आलं तर शहाळी पाहुण्याला पाठवावीत. ज्यांच्या होड्या आहेत ते दुपारीच येतील असं मला वाटतं. नाही आले तर आम्ही तीन बायका पुरे, पिंकी धरून. आणि नारळ परत आला तर? येईल तर येईल. तुझ्या भावाचाही आला होता, तो काही मेला नाही.

लुगडं पेटीतून काढलं. अजून त्याला खाडीचा वास आहे. सुनंदाने नेसून बघितलं, तिला आखूड होतं. म्हटलं, बरंय, पाण्यात उतरायचंय.

मघाशी बाजारातून येताना बघितलं, तुझा भाऊ धक्क्यावर उकिडवा बसून खालच्या पायऱ्यांवरचं शेवाळ खरवडत होता. कुणाचा पाय घसरू नये म्हणून, ते मी विचारलं नाही. त्यानेही मान वर केली नाही.

तुला एक शब्द देते. त्या भिंतीआड आपल्या घरची बाई परत बसणार नाही. सुनंदा नाही. पिंकी नाही. आणि उद्या म्हातारा माझ्या आधी गेला, तर मीसुद्धा नाही. पाट तर राहिलाच नाही, भिंतही पुढच्या उन्हाळ्यात पाडून तिथे सुके मासे घालणार आहे.

लोक विचारणारच, ही बाई पायरीवर कशी? विलास विचारेल, पाटलाचा मुलगा विचारेल, आणि ज्या बायकांनी आपलं तोंड कधी उघडलं नाही त्यांना नेमकं उद्या तोंड फुटेल. सुनंदाने उत्तर द्यायचं नाही, तिने निवट्यांकडे बघायचं. मीही देणार नाही, आणि ते मला किती जड जाईल हे तुझ्याएवढं कुणाला ठाऊक! उत्तर तुझ्या भावाने द्यायचं. फेटा बांधून, सगळ्या वाडीसमोर, परसाकडे न बघता. आणि दोरीवरचं लुगडं कुणाचं होतं, ते तुझं नाव घेऊन सांगायचं.

तुझी भावजय,
यमुना