अण्णांना पलंगावरून उठवताना

नवनाथ,

तू बंगळूरला बसून अण्णांना रोज फोनवर सांगतोस, "आराम करा, अजिबात उठू नका." त्यांच्या पित्ताशयाचं ऑपरेशन इथे नाशिकला, माझ्याच वॉर्डात झालंय. मी चालवायला गेले की म्हणतात, "नवनाथ नको म्हणलाय." अरे, मी इथली नर्स आहे की भेटायला आलेली पाहुणी?

पडून पडून काल त्यांच्या छातीत कफ साठला, ताप चढला, ऑक्सिजन लावावा लागला. डॉक्टर मलाच म्हणाले, "सिस्टर, घरच्याच पेशंटला चालवलं नाही?"

आज ताप उतरला, ऑक्सिजन निघाला, तशी मी त्यांची चादरच ओढून घेतली. "अण्णा, उठा. मला माझा बाप हवाय." पोटाशी उशी धरून, माझ्या खांद्यावर भार टाकून, मला शिव्या घालत ते वॉर्डाच्या दारापर्यंत चालले. खोकून कफ पडला, श्वास मोकळा झाला.

पलंगावर टेकल्यावर हळूच म्हणाले, "पोरी, नवनाथला सांगू नको हां. त्याचं ऐकलं नाय म्हणून त्याला लय वाईट वाटंल."

आता हे पत्र तुला कसं पाठवू, तूच सांग.

कपाळाला हात लावून बसलेली,
तुझी चैतालीताई